फोन बाजारात, माणूस पाड्यावर

"मॅडम, पेशंट कोठे शे?"

भटूभाऊंचा आवाज फोनवर नेहमीच मोठा असतो. त्या दिवशी जास्तच मोठा होता. मागे बाजाराचा गलका चालू होता, कोणीतरी कोंबडीच्या भावावरून घासाघीस करत होतं.

"कोठे म्हणजे? तुम्ही पोहचनात ना भाऊ?"

"पोहचनू ना! नकाशा दखीसनच उनू मी. आठे मोबाईलनं दुकान शे. फोनच फोन चार्जिंगले लायेल शेतस. पेशंट एक बी नही."

भटूभाऊ ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. शहाद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टचा दवाखाना आहे, त्याची ती गाडी. घाट चढून, वळणं घेत ते सातपुड्यातल्या एका बाजाराच्या गावात पोहोचले होते आणि आता चार्जिंगच्या दुकानासमोर उभे होते. त्यांना जिला आणायचं होतं तिचं नाव रंजना. नववा महिना भरत आलेला, आणि सिकलसेल. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, लवकर मरतात आणि रक्त कमी पडतं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाळंतपणात अशा बाईला वेळेवर रक्त आणि डॉक्टर मिळाले नाहीत, तर काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे.

मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर लिहिते. पण गाडी चुकीच्या गावात उभी होती ती आमच्या सॉफ्टवेअरमुळे, म्हणून फोन मला आला.

आता थोडं मागे जाऊन सांगते, नाहीतर ही भानगड कळायची नाही.

मी मूळची लोणखेड्याची. कॉलेज तिथलंच, मग पुण्यात नोकरी, मग सासर-माहेर दोन्ही इकडचं म्हणून परत. शहाद्यात शकीलभाईंची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथे काम करते. शकीलभाईंच्या घरात पिढ्यानपिढ्या कापडाचा धंदा. हे एकटेच कॉम्प्युटरकडे वळले, पण गिऱ्हाइकाला 'नाही' न म्हणण्याची दुकानदारी सवय अंगात तशीच आहे.

ट्रस्टच्या डॉक्टर देवरे मॅडमना एक गोष्ट हवी होती. पाड्यांवर त्यांच्या आरोग्यसेविका आहेत. त्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप आधीपासून होतं, त्यात त्या गरोदर बायांच्या नोंदी करायच्या. मॅडम म्हणाल्या, सेविकेने 'तातडी' असं बटण दाबलं की दोन ठिकाणी निरोप गेला पाहिजे. एक ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूमला, म्हणजे गाडी निघेल. दुसरा नंदुरबारच्या रक्तपेढीला, म्हणजे त्या गटाचं रक्त दवाखान्याकडे रवाना होईल. गाडी डोंगरातून खाली येईपर्यंत रक्त तिथे पोहोचलेलं असेल.

ऐकायला सोपं आहे. पण आमचं ॲप एका भाषेत लिहिलेलं, कंट्रोल रूमचं सॉफ्टवेअर सुरतेच्या कंपनीचं, वेगळ्याच भाषेत, आणि रक्तपेढीचं तर इतकं जुनं की ते सुरू होताना म्हाताऱ्यासारखी मान डोलावतं असं मला वाटायचं. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या अशा प्रोग्रॅम्सनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलावं यासाठी जी सोय करतात तिला वेब सर्व्हिस म्हणतात. ती करायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यावरून आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत.

पहिली पद्धत फोन केल्यासारखी. तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'गाडी पाठव' असं एखादं फंक्शन आधीच लिहिलेलं असतं. एका टूलला सांगायचं की हे बाहेरच्यांसाठी उघडं कर. टूल बाकीचं सगळं आपोआप तयार करतं. समोरच्याने नंबर फिरवायचा, आपण उचलायचं, काम झालं. आधी कोड, त्यातून सर्व्हिस.

दुसरी पद्धत चिठ्ठी पाठवल्यासारखी. इथे कोडला हातच लावायचा नाही. आधी दोन्ही बाजूंनी बसायचं आणि चिठ्ठीत काय काय असेल ते ठरवायचं. कोणती गोष्ट लिहिलीच पाहिजे, कोणती नसली तरी चालेल, प्रत्येक रकान्याचा अर्थ काय. याला आम्ही काँट्रॅक्ट म्हणतो. ते ठरलं की ज्याने त्याने आपापल्या भाषेत कोड लिहायचा. आधी करार, मग कोड. यात वेळ जातो, मीटिंगा होतात आणि डोकं उठतं.

माझं मत दुसऱ्या पद्धतीचं होतं. पुण्यात असताना पहिल्या पद्धतीने केलेल्या सर्व्हिसेस मी निस्तरल्या होत्या. एका बाजूने कोडमध्ये जरा काही बदललं की दुसरी बाजू कोसळायची. मी हे शकीलभाईंना सांगितलं.

"वैशालीताई," ते म्हणाले, "बात तुमची बरोबर आहे. लेकिन मॅडमना या सीझनला चालू पाहिजे. सुरतवाले पहिल्या पद्धतीला तयार आहेत. कल के कल होईल म्हणतात. आधी चालू तर करू, बारकावे बाद में."

"बारकावे बादमें कधीच येत नाहीत, शकीलभाई."

"येतील, येतील. तुम्ही आहात ना."

सुरतेचं काम खरंच झटक्यात झालं. त्यांना नकाशावर बिंदू हवा होता, अक्षांश-रेखांश. आमच्या ॲपमध्ये ते फंक्शन तयारच होतं. कॉल लागला की फोन स्वतःच स्वतःचं ठिकाण द्यायचा, सेविकेला काही टाइप करायला नको. डेमोला शकीलभाईंनी ऑफिसच्या गच्चीवर उभं राहून बटण दाबलं आणि खाली टेबलावरच्या नकाशात आमच्या गच्चीवर लाल टिकली उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण दिसायला ते सुंदरच होतं.

रक्तपेढीत मात्र वाणी सर बसले होते.

वाणी सर तिथला संगणक विभाग सांभाळतात. निवृत्तीला आले आहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि घाई हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नाही. आपोआप तयार झालेली सर्व्हिस त्यांनी उघडूनसुद्धा पाहिली नाही.

"आधी करार दाखवा."

"सर, टूल तो बनवून देतं. त्यातच सगळं आहे."

"टूलने बनवला तो तुमच्या कोडचा फोटो झाला. मला करार पाहिजे. बसू आपण."

बसलो. एकेका रकान्यावर चर्चा. निरोप कोणी लिहिला? कुठे बसून लिहिला? कधी लिहिला? मी म्हटलं, सर, पाठवण्याची वेळ सर्व्हरला कळतेच. ते म्हणाले, पाठवल्याची वेळ मी विचारलीच नाही, लिहिल्याची विचारली. मी जरा चिडून म्हटलं की दोन्ही एकच असते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि रक्ताच्या पिशव्यांकडे बोट केलं.

"ही पिशवी इथून निघाली की कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाईल मला माहीत नसतं. म्हणून सगळं पिशवीवरच्या लेबलावर असतं. नेणाऱ्याला कोणी काही विचारायचं नाही, आणि त्याने काही सांगायचंही नाही. तुमचा निरोप तसा पाहिजे."

मी दुसऱ्या पद्धतीच्या बाजूची, तरी वाणी सरांनी माझाही अंत पाहिला. त्यांच्या हट्टापायी सेविकेने पाड्याचं नाव निवडणं, लिहिल्याची वेळ नोंदणं, हे सगळं रक्तपेढीच्या चिठ्ठीत सक्तीचं झालं. शकीलभाई दर दोन दिवसांनी विचारायचे, "वाणी साहब का हुआ क्या?" आणि मी 'अजून नाही' म्हणायचे.

असं अर्धं काम फोनच्या पद्धतीने आणि अर्धं चिठ्ठीच्या पद्धतीने करून आम्ही ते चालू केलं. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. आणि मग तो भटूभाऊंचा फोन आला.

मी लॅपटॉप उघडला. कंट्रोल रूमला गेलेला कॉल पाहिला. रंजनाचं नाव, तातडी, आणि ठिकाण म्हणून अक्षांश-रेखांश. ते बरोबर त्या चार्जिंगच्या दुकानाचे होते. वेळ त्याच दिवशी सकाळची.

मग तिच्याच नावाने रक्तपेढीला गेलेली चिठ्ठी उघडली. लिहिणारी सिपाबाई, तिथली आरोग्यसेविका. लिहिल्याचं ठिकाण उंबरपाडा. लिहिल्याची वेळ आदल्या दिवशीची संध्याकाळ. खाली रक्तगट, महिना, 'धाप लागते' अशी टीप.

एकाच बाईबद्दल एकाच फोनने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. पाडा सेविकेने स्वतः निवडला होता, म्हणून मी तोच खरा धरला. मग मी भटूभाऊंना फोन लावला.

"भाऊ, ती उंबरपाडाले शे. बाजारमा नही."

"उंबरपाडा? मॅडम, तठे गाडी जात नही. फाटापर्यंत जास, तठून पायवाट शे. नि रस्ता कोन दखाडी माले?"

"दुकानवाल्याले इचारा, सिपाबाईना फोन कोनी आना ते."

पलीकडे गलक्यात भटूभाऊ दुकानवाल्याशी बोलताना ऐकू आले. मग भटूभाऊंचा आवाज, या वेळी जरा नरम.

"मॅडम, आठे एक बाई शे. म्हणस, सिपाबाईनी जाऊ शे. तिन्हाजोडे पिशवी शे. पिशवीमा आख्खा पाडाना फोन. ती म्हणस मी रस्ता दखाडस. निघी ऱ्हायनू."

जाऊ म्हणजे सिपाबाईच्या दिराची बायको. ती ॲम्ब्युलन्समध्ये पुढे बसली, पिशवी मांडीवर, आणि गाडी पुन्हा डोंगराला लागली.

त्यानंतरचे काही तास मी ऑफिसात कसे काढले ते मलाच माहीत. घाटात रेंज नाही, भटूभाऊ बोलू शकत नव्हते. शकीलभाई माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, परत जायचे. एकदा नुसते म्हणाले, "ताई, कुछ तो खा लो." मी वाणी सरांना फोन करून विचारलं की रक्त निघालं का. ते म्हणाले, "तुमची चिठ्ठी पूर्ण होती. सकाळीच निघालं." त्या वाक्यावर मला रडू आलं, आणि मी ऑफिसात सहसा रडत नाही.

दुपार कलल्यावर देवरे मॅडमचा फोन आला. निरोप गेला म्हणजे गाडी फाट्यावर येणारच असं धरून पाड्यावरची माणसं रंजनाला बांबूच्या झोळीतून तिथपर्यंत घेऊन आली होती, गाडीशी गाठ पडली. ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा रक्ताची पिशवी तिथे तयार होती. पिशवी लावली, मग बाळंतपण झालं. मुलगी. दोघी ठीक.

"वैशाली," मॅडम म्हणाल्या, "रक्त जर तिच्या नंतर आलं असतं ना, तर मी तुला हा फोन केला नसता. करवलाच नसता."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही वर गेलो. मी, शकीलभाई आणि अर्थातच भटूभाऊ. मला ती फोनांची पिशवी पाहायची होती.

पाड्यावर नेटवर्क नाही हे आम्हाला माहीत होतं. म्हणून तर ॲप असं केलं होतं की नोंद फोनमध्ये साठते आणि रेंज आली की आपोआप जाते. आमच्या डोक्यात चित्र असं होतं की सेविका टेकडीवर जाईल, फोन उंच धरेल, निरोप जाईल. तशा त्या जातातही. पण बाजाराच्या दिवशी टेकडी कशाला चढायची? जी कोणी मिठामिरचीला बाजारात निघते, ती घराघरातून फोन गोळा करते. कापडी पिशवीत घालते, बाजारात चार्जिंगला लावते. तिथे रेंज असते, फोनमधलं जे काही अडलेलं असेल ते निघून जातं, आलेलं असेल ते येतं. संध्याकाळी पिशवी परत. फोन फिरतात, माणसं घरी राहतात. यात कोणाला काही नवल वाटत नाही. शेजारी गिरणीवर चालला की आपलंही दळण त्याच्याकडे देतात, तसंच हे.

सिपाबाई भेटली. लुगड्याचा पदर खोचलेला, बोलायला मोकळी. घरात पावरी बोली बोलते, आमच्याशी मराठीत बोलली.

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही टेकडीवर का गेला नाहीत?"

"रंजनाला सोडून? मॅडम, तिला धाप लागत होती. रात्रभर मी तिथंच. सकाळी जाऊ बाजारला निघाली, मी फोन तिला दिला. बटण मी दाबलं होतं ना."

"दाबलं होतं."

"मग? फोन गेला की निरोप गेला. मी कशाला जाऊ?"

तिने बरोबर केलं होतं. रुग्णाजवळ थांबली, निरोप पाठवला. आमच्या फोनच्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत होती, जी गच्चीवर उभ्या असलेल्या शकीलभाईंच्या बाबतीत खरी होती आणि इथे खोटी. ती अशी की बोलणारा आणि फोन एकाच जागी असतात. आणि जेव्हा बाई सगळ्यात जास्त आजारी, तेव्हाच सेविका तिच्याजवळून हलणार नाही, म्हणजे तेव्हाच फोन एकटा जाणार. आमची सर्व्हिस साध्या केसला बरोबर चालली असती आणि तातडीच्या केसला हमखास चुकली असती.

शकीलभाई चार्जिंगच्या दुकानासमोर बराच वेळ उभे होते. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर ओळीने फोन, प्रत्येकाला खूण म्हणून रंगीत चिंधी किंवा मण्याची माळ बांधलेली. मधूनच एखादा वाजायचा. दुकानदार उचलायचा नाही. त्याचा तो धंदाच नव्हता.

परत येताना घाटात शकीलभाई म्हणाले, "ताई, सुरतवाल्यांना सांगतो. एक फील्ड बढा देंगे. पाड्याचं नाव. चालेल ना?"

"नाही चालणार."

"अरे, वाणी साहबच्या चिठ्ठीत पण तेच तर आहे."

"त्यांच्या चिठ्ठीत पाडा आहे, कारण ते आधी बसून विचारत राहिले की निरोप एकटा प्रवास करेल तेव्हा त्याला काय लागेल. आपण आज पाडा वाढवू. उद्या एकाच पिशवीतून दोन निरोप उलट्या क्रमाने जातील, आधी 'बाळंत झाली' आणि मग 'गाडी पाठवा'. तेव्हा काय वाढवणार? फोन दोन दिवस पिशवीतच राहिला तर? दुसऱ्याच्या फोनवरून कोणी नोंद केली तर?"

भटूभाऊ गाडी चालवता चालवता म्हणाले, "शकीलभाई, मॅडम बरोबर सांगी ऱ्हायनी. आते मी बाजारमा उभा ऱ्हावाव नही."

शकीलभाई हसले नाहीत. मग म्हणाले, "देवरे मॅडमना मी सांगतो, बाकीच्या गावांत हे चालू व्हायला उशीर होईल. मेरे को बोलना पडेगा." गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. मला त्यांचा खरंच अभिमान वाटला, आणि हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सुरतवाल्यांनी आधी कुरकुर केली, मग ते बसले. करार लिहिताना मी वाणी सरांना मुद्दाम बोलावलं. सुरतेच्या मुलाने त्यांच्याकडे मी पूर्वी पाहत होते तसंच पाहिलं. या वेळी मी त्यांच्या बाजूला बसले होते. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक, लिहिल्याची वेळ, लिहिण्याची जागा, लिहिणाऱ्याचं नाव. नंतरचा निरोप आधी पोहोचला तर काय करायचं तेही लिहिलं. फोन कुठे आहे तेही ठेवलं, पण शेवटी आणि ऐच्छिक. नकाशावरची लाल टिकली गेली, तिच्या जागी पाडा आणि गाडी जाते तो फाटा आला. डेमोला टाळ्या पडल्या नाहीत. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

लोक मला विचारतात, दोन पद्धतींतली चांगली कोणती. दोन्ही चांगल्या आहेत. बोलणारा समोर असेल तर फोनच करावा, उगाच चिठ्ठ्या लिहीत बसू नये. पण निरोप दुसऱ्याच्या हातून जाणार असेल, तर निरोपातच सगळं लिहावं. कोणती पद्धत वापरायची हे ऑफिसात बसून ठरत नाही. निरोप कोणाच्या पिशवीतून जाणार आहे ते एकदा जाऊन पाहावं लागतं.

मध्यंतरी भटूभाऊंचा फोन आला. पुन्हा बाजाराचा दिवस होता, म्हणून मी आधी लॅपटॉप उघडला.

"काय व्हयनं भाऊ?"

"काय नही. तातडीना निरोप उना, सिध्धा फाटावर गवू. बाई तठेच वाट दखी ऱ्हायंती. लई लवकर काम व्हयनं."

"मग फोन काबरं कया?"

"तुम्हीच सांगेल व्हतं ना, काही येगळं व्हयनं ते सांगा म्हणीसन. आज बाजारना दिवस व्हता, तरी गाडी बाजारमा गई नही. म्हणीसन सांगं."